मारुतीच्या रानातील खपली

निपाणीहून वेदगंगेकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर आमचे गाव आहे. त्या गावी चैत्री पौर्णिमेला मारुतीरायापुढे गव्हाची खीर ठेवण्याचा नेम माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलेला होता. त्या खिरीचा गहू बाजारातून आणायचा नाही, देवाच्या स्वतःच्या रानात पिकलेली खपलीच काहिलीत पडली पाहिजे, ही त्यातील मुख्य अट. पूजेबरोबर त्या रानाची वहिवाटही आमच्या घराकडे होती. बेळगावच्या पाठशाळेतील अध्ययन संपवून मी गावी परतलो, तेव्हा वडिलांनी प्रथम मला गाभाऱ्यात नेले आणि लगेच त्या रानाच्या बांधावर. दोन्ही ठिकाणी त्यांनी मला पादत्राणे काढावयास लावली.

खपली हा मोठा मानी गहू. त्याचा दाणा कोंड्याला असा बिलगून असतो की मळणी झाली तरी तो मोकळा होत नाही. उखळात कांडावा लागतो. उत्सवाच्या आधी गावातील सर्व घरच्या स्त्रिया देवळाच्या आवारात जमत. मराठी बोलणाऱ्या एका अंगाला आणि कानडी बोलणाऱ्या दुसऱ्या अंगाला अशा बसत खऱ्या. पण मुसळांचा ठेका एकदा जमला की कोण कोणत्या भाषेत गात आहे हे ओळखता येत नसे. मग गूळ, ओले खोबरे, खसखस, आणि दुपारी उन्हे कलण्याच्या आत पंगती. देवाची मोठी काहील खाली उतरवायला चार माणसे लागत.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आधीच्या काळात मात्र ती काहील भरेनाशी झाली. आमच्या बाजूस तमाखूचे पीक जोरात होते. गावातील जे शेणखत होते ते तमाखूच्या रानांत जाई, उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या होत. देवाच्या रानाला वर्षानुवर्षे नुसता नांगर आणि मोटेचे पाणी. भूमी किती दिवस उपाशीपोटी देत राहील? गहू पिवळा पडू लागला, ओंब्या बोटाच्या पेराएवढ्या राहिल्या. एका वर्षी मोठ्या काहिलीच्या जागी मधले पातेले आले, आणि त्या वर्षी शेवटच्या पंगतीला खीर पोहोचली नाही. त्या पंगतीतील माणसे नुसता आमटीभात जेवून उठली. ते मला फार लागले.

त्यानंतर देवळाच्या कट्ट्यावर पंच बसले. आमचे पाटील जैन समाजातले. स्वतः मोठे तमाखूवाले, बोलण्यात रोखठोक, पण गावच्या देवाचे काम म्हटले की सर्वांच्या आधी हजर. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्या शब्दाबाहेर आमी न्हाय. पण ह्या रानाला आता गहू सोसत न्हाय. तमाखू लावू. खिरीचा गहू निपाणीच्या पेठंतनं आणू, चांगला निवडून. देव काय म्हणंल? त्याला जेवल्याशी मतलब."

"देव जेवेल, पाटील," मी म्हटले. "पण त्याला आपण आपल्या रानातले वाढले, असे आपल्याला म्हणता येणार नाही."

पाटलांनी थोडा विचार केला. "बरं. ह्या सालाला एक डाव बघू. मोठी काहील भरली तर गहू. न्हाय भरली तर फुडच्या सालापासनं तमाखू. व्हय का न्हाय, तुमीच सांगा."

मी होय म्हटले. ते न्याय्यच होते. परंतु घरी येऊन संध्येला बसलो तेव्हा मन आचमनाच्या पळीवर स्थिर होईना. पिढ्यानपिढ्यांचा एक नेम माझ्या हातात येऊन तुटणार की काय, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

त्याच पावसाळ्यात निपाणीच्या बाजारात शेतकी खात्याच्या एका अधिकाऱ्यांनी मांडव घातला होता. टेबलावर काचेच्या बरण्या होत्या, आणि एका बरणीत साखरेसारखे पांढरे खडे. अमोनियम सल्फेट. उसाच्या रानांत ते येऊ लागले होते आणि लोक त्याला विलायती मीठ म्हणत. मी रानाची सर्व हकिकत सांगितली. ते गृहस्थ वयाने माझ्याहून लहान, पण ऐकून घेण्याची त्यांना चांगली सवय होती.

ते म्हणाले, "शास्त्रीजी, नुसत्या मिठावर जाऊ नका आणि नुसत्या शेणखतावरही थांबू नका. शेणखताने जमिनीला अंग येते, पाणी धरवते. या मिठाने पिकाला ऐन वाढीत जोर येतो. अंगच नसेल तर जोर कुठे राहणार?"

हे मला तत्काळ पटले. घरात थोडे वैद्यकही परंपरेने चालत असल्यामुळे मात्रा आणि अनुपान यांचा संबंध मला ठाऊक होता. कितीही तीक्ष्ण मात्रा असली तरी मध किंवा तूप यांच्यासोबत दिल्यावाचून ती अंगी लागत नाही. प्रयोगासाठी म्हणून त्यांनी मला दोन पोती दिली. शेणखत कोठून आणावे, हा प्रश्न मात्र मी त्या क्षणी बाजूला ठेवला. दोन पोती मीठ आहे, तेवढ्यावर निभावेल, अशी एक आशा मनाने धरली होती.

गाडीतून पोती उतरताच पाटील आले. त्यांनी पोत्याला हात लावला नाही. काठी टेकून दूरच उभे राहिले.

"हे हाडाचं न्हाय न्हवं? निपाणीत हाडाचा चुरा खत म्हणून इकत्यात म्हणं. तसलं काय असंल तर माझ्या गावच्या शिवंत नगो. सांगून ठेवतो."

मी त्यांना सांगितले की हे दगडी कोळशाच्या धुरातून काढलेले मीठ आहे. अधिकाऱ्यांनी तशी शपथ घेतली आहे. पाटलांचा चेहरा थोडा सैल झाला. "मग हरकत न्हाय. पण साता समुद्रापलीकडनं आलेलं. देवाच्या रानात घालायच्या आदी तुमच्या रीतीनं शुद्ध करून घ्या."

गावची रीत ठरलेली होती. देवाच्या रानात नवा नांगर जावयाचा असो की मोटेचा नवा नाडा, त्याला देवळातील होमाचे भस्म लावायचे आणि वर गोमूत्र शिंपडायचे. खंडेनवमीला सर्व अवजारांची पूजा होते. त्याच दिवशी या मिठाचेही करावे, असे ठरले. परंतु पोत्याला वरून बोट लावून पंचांचे समाधान होईना. प्रत्येक खड्याला भस्म लागले पाहिजे, असा आग्रह पडला. म्हणून एक पोते आवारातील फरशीवर ओतले. वर्षभराच्या होमांचे साठलेले पाटीभर भस्म त्यावर घातले, फावड्याने वरखाली केले, आणि मी मंत्र म्हणत असताना रान वाट्याने कसणाऱ्या आमच्या वाटेकऱ्याने तांब्यातील गोमूत्र सढळ हाताने शिंपडले.

पहिल्यांदा पाटलांनी नाकाला उपरणे लावले. मग मंडळी एकेक करून मागे सरकू लागली. डोळ्यांतून धारा लागल्या. तो उग्र दर्प मस्तकात अशा वेगाने चढला की माझ्या तोंडातील मंत्र अर्ध्यात राहिला.

"अय्यो, यप्पा!" पाटील खोकत म्हणाले. "काय ओ हे? तुझ्या गाईनं काय खाल्लंतं काय रं?"

वाटेकरी, ज्याला सारे गाव आप्पा म्हणे, तो गाईविषयी फार हळवा. "माझ्या गाईला नावं ठिवू नगासा, पाटील. सकाळचंच ताजं हाय. वाटलं तर तांब्याचा वास घिऊन बघा."

"तू घे तुझ्या तांब्याचा वास!"

कोणी हसले, पण ते हसू टिकले नाही. एक वृद्ध गृहस्थ हलक्या स्वरात म्हणाले की देवाने भस्म लागताच हे झिडकारले, यात काही तरी अमंगळ आहे. पाटलांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या दृष्टीत दोष नव्हता, खेद होता. "शास्त्रीबुवा, देवानंच निकाल दिला जणू. दुसरं पोतं माघारी धाडा."

मी डोळे पुसत उभा होतो आणि मनात एकच गोष्ट चालली होती. हा वास मी ओळखतो. हा मी कोठे तरी हाताळलेला आहे. मग एकदम उजाडल्यासारखे झाले. कोणाला घेरी आली, कोणाचे डोके दुखून सर्दीने भरले, तर आमच्या घरी नवसागर आणि चुना तळहातावर चोळून हुंगावयास देतात. हा तोच वास होता.

मी कुटुंबाला हाक मारून दोन्ही वस्तू मागितल्या. औषधांच्या फडताळातून नवसागर आणि पानाच्या डब्यातून चुना घेऊन ती आली. मी दोन्ही तळहातावर ठेवून चांगले चोळले आणि हात पाटलांच्या नाकापुढे धरला.

पाटील दोन पावले उडाले. "आरं द्येवा!"

"तोच वास ना?"

"तोच की ओ!" ते डोळे चोळीत म्हणाले. "पर ह्यात तर मीठबी न्हाय आन भस्मबी न्हाय."

मी सर्वांना समजावून सांगितले. नवसागरात एक चंचल सत्त्व कोंडलेले असते, चुना लागताच ते सुटून उडून जाते. या विलायती मिठातही तेच सत्त्व आहे, आणि ओल्या भस्माने चुन्याचे काम केले. देव कोपलेला नाही. पिकाच्या पोटात जावयाचा जोर आपल्या नाकात गेला, एवढेच झाले आहे.

"म्हंजे एक पोतं आमी हुंगून संपिवलं," आप्पा म्हणाला, आणि आता मात्र आवार मोकळेपणाने हसले.

पाटील हसले नाहीत. त्यांची शंका खरी होती आणि ते ती सोडणारे नव्हते. "ते कळलं. पण मग शुद्ध कशानं करायचं? भस्म चालत न्हाय म्हणता. बिगर शुद्धीचं मी घालू द्यायचो न्हाय."

मी क्षणभर गाभाऱ्याकडे पाहिले. उत्तर समोरच होते. देवळाची भूमी रोज कशाने शुद्ध होते? पंचगव्यात गोमूत्राइतकाच मान कोणाला आहे? मी म्हटले, "गोमयाने, पाटील. कुजून मातीसारखे झालेले शेणखत चाळून घेऊ, त्यात हे मीठ कालवू आणि ते दोन्ही एकत्रच भूमीत जाईल. शेणाहून पवित्र करणारे आणखी काय आणायचे?"

"वास सुटंल का?"

"सुटू नये. हातावर करून पाहू."

उकिरड्यातील जुने खत मूठभर आणले, त्यात दुसऱ्या पोत्यातील चिमूटभर मीठ मिसळले. पाटलांनी स्वतः वाकून हुंगले, मग आणखी वाकले. "न्हाय," ते म्हणाले. "मातीचाच वास हाय. घाला."

त्या दिवशी आम्ही एक पोते गमावले. अधिकाऱ्यांकडे गेलो तेव्हा ते पोट धरून हसले; मग गंभीर होऊन म्हणाले की राख आणि हे मीठ एकत्र करू नये, हे आपण आधीच सांगावयास हवे होते, परंतु कोणी याला भस्मस्नान घालील हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. नवे पोते मिळण्यासारखे नव्हते. निम्म्या मिठावर रान उभे करायचे, तर उरलेला सर्व भार शेणखताने उचलला पाहिजे. ज्या प्रश्नाला मी बगल दिली होती, तो आता दारात येऊन उभा राहिला.

त्याची सोडवणूक माझ्या कुटुंबाने केली. गावच्या स्त्रिया तिला आक्का म्हणत. दसरा झाल्यावर कोणी स्त्री देवदर्शनाला नारळ घेऊन आली की ती म्हणे, "नारळ राहू दे गं. देवाला पाटीभर खत आण."

"शेण वाहू व्हय, आक्का, देवाला?"

"देवाच्या रानाला वाहा. देव तिथेही आहेच."

पहिल्या दोघी-तिघी लाजत आल्या. पाटी डोक्यावर, वर पदर झाकलेला, जणू काही लपवून आणले आहे. मग पाटलांच्या घरची गाडी आली. तमाखूसाठी राखलेले, चांगले मुरलेले खत त्यांनी भरून पाठविले होते, पाटील स्वतः गाडीपुढे चालत होते आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "बघता काय? तुमच्या उकिरड्यात काय सोनं पुरलंया?" त्यानंतर लाज उरली नाही. ज्याच्या त्याच्या परसातून पाट्या निघू लागल्या. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे दारात शेणाचे पांडव मांडतात. पूजा झाल्यावर त्यांच्या गोवऱ्या करून जाळण्याची चाल होती. त्या वर्षी तेही फुलांसकट रानाकडे चालते झाले. बांधावर खताची रास वाढत गेली. मी रोज सकाळी पूजा आटोपून तिकडे जाई आणि त्या राशीला हात जोडी. एवढा मोठा अभिषेक मारुतीरायाला आमच्या गावाने यापूर्वी कधी केलेला नव्हता.

कार्तिकात खत पसरून, नांगरून, खपली पेरली. भस्म लागलेले मीठ टाकून देणे जिवावर आले म्हणून बांधालगतच्या एका पट्ट्यात ते तसेच घातले. तेथे शेणखत पुरले नव्हते. चांगले मीठ मात्र राखून ठेवले. फुटवे धरण्याच्या सुमारास चाळलेल्या शेणखतात ते कालवून ओळींमधून टाकले आणि मोटेचे पाणी सोडले.

काही दिवसांतच रानाचा रंग फिरला. मी तो शब्दांत कसा सांगू? पिवळ्या, आजारी माणसाच्या मुखावर हळूहळू तेज यावे, तसे ते रान भरत गेले. बांधालगतचा पट्टा मात्र फिकटच राहिला. पाटील रोज येत, त्या पट्ट्यासमोर उभे राहून म्हणत, "हितलं आमी हुंगलं," आणि पुढे जात.

एका कोपऱ्यात पीक सर्वांहून उंच आणि काळेभोर दिसू लागले. आप्पा त्याच्याकडे पाहून एकटाच हसे. विचारले तर म्हणे, "द्येवाची करणी." पौषात एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि नेमका तो कोपरा झोपला. ताटे पायाखाली तुडविल्यासारखी आडवी झाली. तेव्हा आप्पाने कबुली दिली, की खतात न कालवता त्याने त्या कोपऱ्यात ओंजळी भरभरून मीठ फेकले होते.

"लई टाकलं तर लई यील म्हटलं, बुवा."

"आलं की रं लई," पाटील म्हणाले, "पण झोपून आलं. तुझ्यासारखं."

बाकीचे रान त्या वाऱ्यात लाटेसारखे वाकले आणि पुन्हा सरळ उभे राहिले. मी बांधावर होतो. त्या क्षणी मला काहिलीविषयी शंका उरली नाही.

फाल्गुनात कापणी झाली. ओंब्या लांब, कुसळे ताठ, आणि हातात घेतली तर पेंढी जड लागे. खळ्यावर बैल फिरले, रास पडली. राशीची पूजा करताना मी मंत्र मनातच म्हटले. पाटलांनी राशीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि तो बाहेर काढून ते त्याकडे नुसते पाहत राहिले. मग आवारात उखळे मांडली गेली. कांडताना स्त्रियांची तक्रार एवढीच, की दाणा टणक आहे, मुसळ उसळते.

चैत्री पौर्णिमेला पहाटे मोठी काहील घासून चुलवणावर चढली. तरी एक कुजबुज अजून शिल्लक होती, की विलायती मिठाची खीर खारट लागेल. नैवेद्य दाखवून झाल्यावर प्रसादाचा पहिला द्रोण कोणी घ्यावा, यावर मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. पाटील पुढे आले. त्यांनी द्रोण घेतला, मस्तकाला लावला आणि उभ्यानेच एक घोट घेतला. सारे आवार त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"कोण म्हणत हुतं खारट म्हणून?" त्यांनी विचारले. "त्याला दोन पळ्या जास्त वाढा."

पंगती बसत गेल्या. मराठी घरे, कानडी घरे, वेशीबाहेरची वस्ती, वाटेने जाणारे गाडीवानसुद्धा. शेवटची पंगत बसली तेव्हा मी स्वतः वाढावयास गेलो. आदल्या वर्षी ज्यांच्यापर्यंत खीर पोहोचली नव्हती, त्यांच्यातील काहीजण त्या पंगतीत होते. वाढता वाढता मी मागे वळून पाहिले. काहिलीत अजून पळी उभी राहील एवढी खीर होती.

संध्याकाळी पंच पुन्हा कट्ट्यावर बसले. पाटलांनी बोलण्यास फारसा वेळ घेतला नाही. "देवाच्या रानात खपलीच हुईल. आमच्या पश्चात बी. आन हितून फुडं दसऱ्यानंतर घरटी खताची पाटी ही देवाची सेवा धरायची. कुणाचं काय म्हणणं?" कोणाचे काही म्हणणे नव्हते.

मंडळी उठू लागली तशी पाटलांनी मला थांबविले. आवाज थोडा उतरवून म्हणाले, "शास्त्रीबुवा, बियाण्याचं तेवढं बघा. विहिरीखालच्या माझ्या तुकड्यातली तमाखू काढतो म्हणतो. पोरासोरांना खीर घरची असंल तर बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाच्या राशीतील बियाणे मी त्यांच्या उपरण्यात घातले. त्यांनी चारी पदरांची गाठ मारली आणि पेरणीला अजून सहा महिने असूनही पायांतील वहाणा हातात घेऊन ते आपल्या रानाकडे चालू लागले.